पितळेची पाटी

"टाक ती काडी," मी आईला म्हणाले.

आईच्या हातात आमच्या गुलाबाची एक काडी होती. पेन्सिलीएवढी जाड, तीन डोळ्यांची. मोरीच्या कडेला जिथं झाड होतं, तिथं आता गुडघाभर खड्डा होता. झाड मुळांच्या मातीसकट गोणपाटात बांधून टेम्पोत चढवलं होतं. त्याच्या फांद्या मीच हातभर उंचीवर छाटल्या होत्या आणि छाटलेलं सगळं पोत्यात भरत होते. आई त्यातली एक काडी उचलून खड्ड्याच्या कडेला खोचायला निघाली होती.

"एकच हाय की," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. दार लई वसाड दिसाया लागलं."

"एकपण नाही. ताईंनी बजावलंय."

"का गं? माझ्या एका काडीनं त्येंचं काय कमी हुतंय?"

"आये, बागेतलं झाड दुसरीकडं कुठं नसलं तरच त्याला मान. नाहीतर लोक बघायला कशाला येतील? पुढच्या वर्षी मी स्वतः रोप करून आणून देते. टाक बघू."

तिनं टाकली नाही. मी तिच्या हातातून ओढून घेतली. काटा तिच्या बोटात घुसला. मी ते पाहिलं आणि पोत्याचं तोंड बांधलं.

हे मी आधी सांगते, कारण पुढं मी दुसऱ्यांना शिव्या देणार आहे.

एक्क्याण्णव सालचा आषाढ होता. मी सव्वीस वर्षांची होते आणि चार-पाच वर्षांपूर्वी नवरा टाकून आले होते. गावात लोक उलटं सांगायचे, पण टाकलं मीच. साताऱ्याजवळ विभावरीताई देवस्थळी यांची गुलाबाची बाग होती. दोन एकरांत चारशे जातींचे गुलाब. लोक तिकीट काढून बघायला यायचे. मी एका हातात पिशवी घेऊन तिथं खुरपणीचं काम मागायला गेले, तेव्हा ताईंनी माझा सुजलेला गाल बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "सकाळी लवकर उठतेस का?" दुसऱ्या दिवसापासून मी कामाला आणि अवजारांच्या शेडशेजारच्या खोलीत राहायला. नवरा दोनदा आला. दोन्ही वेळा ताईंनी त्याला फाटकातूनच हाकललं. हे उपकार आहेत, मी नाकारत नाही.

शिक्षण माझं चौथीपर्यंतचं. खरं लिहायला-वाचायला मी त्या बागेत शिकले. झाडापुढं पत्र्याची पाटी असायची, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव, कुठला, कधीचा, वास कसला. रंगारी उन्हाळ्यात पळून गेला तेव्हा ताईंनी ब्रश माझ्या हातात दिला. "नाव कमळ आणि हात गुलाबात," म्हणून त्या हसायच्या. चारशे पाट्या मी पुन्हा पुन्हा रंगवल्या. अक्षर असं बसलं की साताऱ्याचे लोक विचारायचे, पेंटर कोण? फाटकावरची पाटीही माझीच होती: हात लावू नका, नाक लावा.

पायवाटेच्या डाव्या अंगाला नवे गुलाब. बशीएवढी फुलं, रंग बघून डोळे फिरावेत. त्यातले निम्मे नाकाजवळ नेले तर कागदाचे. उजव्या अंगाला जुने. फुलं लहान, चुरगळल्यासारखी, पण सकाळी दव असताना तिकडून गेलं की कुठं लवंग, कुठं लिंबाची साल, कुठं पिकलेलं सफरचंद. वास कधी घ्यायचा, कुठल्या फुलाचा घ्यायचा, हे ताईंनीच मला शिकवलं. अर्धवट उमललेलं, ऊन चढायच्या आत.

एकदा मी गावाहून पहिल्या एसटीनं आले. अंबाड्यात आमच्या दारातलं फूल होतं. ताई पाटाजवळ उभ्या होत्या. मी पुढं गेले तशी हाक आली, "थांब. वळू नकोस."

त्यांनी मागून येऊन माझ्या अंबाड्यालाच नाक लावलं. बराच वेळ.

"हा कुठला गं?"

"आमच्या दारातला. गावठी आहे."

"गावठी असं काही नसतं, कमळ. नाव माहीत नसलं की लोक गावठी म्हणतात." त्या पुढ्यात आल्या. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "अशा गुलाबासाठी मी वीस वर्षं फिरतेय. कुणी लावला?"

आईनं. लग्न होऊन सासरी येताना तिनं माहेरच्या परसातली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. माहेर पुढं देवीच्या साथीत संपलं. काडी राहिली.

ताईंनी मला सांगितलं की गुलाबवाल्यांची एक रीत असते. ज्या जुन्या गुलाबाचं नाव हरवलंय, त्याला ज्याच्या दारात तो सापडला त्याचं नाव द्यायचं. खरं नाव सापडेपर्यंत तेच नाव.

"तुझ्या आईचं नाव काय?"

"गोदा."

"मग हा 'गोदा'," ताई म्हणाल्या. "लिही पाटी."

मी त्याच दिवशी पत्रा रंगवला. दोनच अक्षरं. इतकी काळजीपूर्वक मी कधी लिहिली नव्हती.

आई झाड द्यायला तयार नव्हती. तीन आठवडे मी तिच्या मागं लागले.

"काडी न्या की. झाड कशाला?"

"ताई म्हणतात असले गुलाब स्वतःच्या मुळावरच चांगले. आणि काडीला मोठं व्हायला दोन-तीन वर्षं जातील. आये, पाटीवर तुझं नाव असणार आहे. पुण्या-मुंबईचे लोक वाचतील."

"माझं? पाटीवर?" ती हसली. "मेल्यावर लावत्यात न्हवं पाटी?"

"जिवंतपणी लावतायत तर घे ना लावून."

"रेशनकार्डावर बी तुझ्या बापाच्या मागं हाय मी," ती म्हणाली. आणि मग चुलीकडं बघत, "निस्तं गोदा लिवणार? म्होरं मागं काय न्हाई?"

"नुसतं गोदा."

दुसऱ्या दिवशी तिनं झाडाला हळदकुंकू वाहिलं आणि "न्या" म्हणाली.

झाड जगलं. त्या वयाचं झाड हलवलं तर दहातली सात मरतात, पण मी त्याला पोरासारखं जपलं. नोव्हेंबरात छाटणी केली, डिसेंबर संपता संपता कळ्या धरल्या. ताई रोज सकाळी शाल पांघरून त्याच्यापुढं उभ्या राहायच्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जुन्या गुलाबांच्या विभागाचं उद्घाटन ठरलं. मधोमध हे झाड.

"याची पाटी पितळेची करू," ताई म्हणाल्या. "पुण्याहून कोरून घेते."

मला काय वाटलं असेल? मी शेडमागं जाऊन रडले. माझ्या आईचं नाव पितळेत! माझ्या पत्र्यावर रंग उडतो, पितळेवर काय उडणार? झाड जगल्याचं मी आईला दिवाळीतच घरी जाऊन सांगितलं होतं, आता पत्रानं कळवलं की पाटी पितळेची आहे, नवं लुगडं नेसून ये. दिवाळीत घरी एक गोष्ट पाहिली होती, ती तेव्हा मनात राहिली नाही. फळीवर एक दगडी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा. मला वाटलं, शेजारच्या घरातलं कुणीतरी विसरलं असेल.

उद्घाटनाला दीडशे माणसं. मांडव, तिळगूळ, सनई कॅसेटवरची. आई सकाळच्या एसटीनं आली. जांभळं बुट्टीचं लुगडं, कमरेला सुपारीची चंची, पायात माझ्याच जुन्या चपला. मी तिला खुरपणीच्या बायकांजवळ सावलीत बसवलं.

"मला पाटीपाशी ने."

"पडदा उघडू दे आधी. गर्दी ओसरली की नेते."

पडदा उघडायला इनामदारसाहेबांची बायको होती. इनामदारसाहेब म्हणजे ज्यांनी बागेला नदीवरून पाण्याची पाइपलाइन दिली ते. तिनं दोरी ओढली. रेशमी कापड घसरलं. टाळ्या पडल्या. मी बाजूला ताट धरून उभी होते. वाचण्यात मी आता पटाईत होते, एका नजरेत वाचलं.

मृणालिनी.
पुरातन सुवासिक गुलाब.
शोध व संवर्धन : विभावरी देवस्थळी.

मी दुसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, पुण्याच्या माणसानं पाट्यांची अदलाबदल केली. खरंच असं वाटलं. इतकी मी मूर्ख होते.

ताईंना मी चहाच्या टेबलामागं गाठलं.

"ताई, पाटी चुकलीय."

"हळू बोल."

"पाटी दुसरीच आलीय. मृणालिनी कोण?"

"इनामदारांच्या आई. गेल्या वर्षी वारल्या." त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून टेबलावर ठेवलं. "हे बघ कमळ, विहिरीनं मार्चात तळ गाठला होता. तूच खाली उतरून बघितलंस. चारशे झाडं मी कशावर जगवू? त्यांनी पाणी दिलं. मागितलं काय, तर एक नाव."

"मग दुसऱ्या कुठल्या गुलाबाला द्यायचं. चारशे आहेत."

"त्या चारशेंना नावं आहेत. नोंदलेली. ती मला बदलता येत नाहीत. बिननावाचा हा एकच होता."

"बिननावाचा नव्हता! तुम्हीच ठेवलं होतं. मी पत्र्यावर लिहिलं होतं."

"पत्र्यावर," ताई म्हणाल्या आणि हसल्या. वाईट नाही हसल्या. एखाद्या पोरीनं बाहुलीचं लग्न खरं धरावं तसं. "अगं, पत्रा म्हणजे नोंद असते का? पुढं आणखी एखादा सापडला की त्याला देऊ 'गोदा'. वचन."

"माझी आई आलीय," मी म्हणाले. "तिकडं सावलीत बसलीय. नाव बघायला आलीय."

एवढ्या एका क्षणाला ताईंचा चेहरा हलला. त्यांनी बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. जांभळं लुगडं त्यांना दिसलं असणार.

"तिला वाचता येतं?"

"नाही."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या. "तू वाचून दाखव. तिला काय, आनंद झाल्याशी कारण."

आणि त्या पाहुण्यांकडं गेल्या.

मी त्यांच्या मागं जायला हवं होतं. दीडशे माणसांसमोर ती पाटी उपटायला हवी होती. ते मी का केलं नाही याची कारणं मी पुढं खूप वर्षं स्वतःला सांगत आले. खोली जाईल, काम जाईल, नवरा फाटकाशी येईल. सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. मी ताट उचललं, उरलेला तिळगूळ वाटला आणि मांडव रिकामा झाल्यावर आईला झाडापाशी घेऊन गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. उन्हानं वास मेला होता. आई झाडाकडं आधी गेली. पानं उलटी करून बघितली, खोडावर हात फिरवला.

"बरं ठेवलंयस," म्हणाली. "हीच का पाटी?"

"हीच."

"वाच की."

मी वाचायला सुरुवात केली. पाटीवर बोट ठेवून, खोटं खोटं, ओळीनं. "गोदा. हा गुलाब वाघजाईवाडीच्या गोदाबाई लोखंडे यांच्या दारातला आहे."

"म्होरं?"

"त्यांनी हा माहेराहून आणला आणि तीस वर्षं जोपासला. दुष्काळातसुद्धा."

"दुस्काळात बी लिवलंय?"

"हो. दुष्काळात भांडी घासलेलं पाणी घालून जगवला. असा सुवासिक गुलाब या भागात दुसरा नाही. गोदाबाई नसत्या तर हा राहिला नसता."

कुठून सुचत होतं मला कळत नव्हतं. तरी मी थांबत नव्हते. आई माझ्या तोंडाकडं बघत होती, पाटीकडं नाही.

"तीनच वळी दिसत्यात," ती म्हणाली.

"बारीक लिहिलंय."

"आसंल."

मग ती वाकली. वरच्या ओळीवर तिनं आपलं बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडं नेलं, परत डावीकडं आणलं, परत नेलं. बोटावर काट्याचा जुना वण होता.

"गार हाय पितळ," ती म्हणाली.

लांबून ताईंनी आमच्याकडं बघून हात हलवला. मीही हलवला. हो, हलवला.

मी पुढं चालू लागले. आई मागं रेंगाळली. बघितलं तर चंची सोडत होती. अडकित्त्याचा आवाज आला. सुपारी खायला हिला हीच वेळ सापडली, असं मनात येऊन गेलं. एसटीच्या फाट्यापर्यंत ती कमरेवर हात दाबून चालत होती.

"पोटात दुखतंय का, आये?"

"न्हाई. चल तू."

गाडी आली. ती चढली. खिडकीशी बसली तरी हात कमरेवरच.

दोन महिने मी घरी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? बागेतलं काम तसंच चालू होतं. एकदा स्वच्छतागृहाजवळ नवी पाटी दिसली, "चपला इथे काढाव्यात". अक्षर माझं नव्हतं. पत्रा ओळखीचा वाटला म्हणून उलटून बघितला. मागं माझी दोन अक्षरं होती.

शिमग्याला गेले. आई परसात शेणी थापत होती. आणि मोरीच्या कडेला, तो खड्डा बुजवला होता तिथं, एक काडी उभी होती. तीन डोळे फुटून लाल कोवळी पानं आली होती. मी गुलाबात पाच वर्षं काढली होती, पानावरून झाड ओळखायला मला पाटी लागत नव्हती.

"हे कुठून आणलंस?"

"जिथं हुतं तिथनं."

"आये, बागेतली काडी…"

"हाताला येईना, चिवट हाय. अडकित्त्यानं तोडली. ओच्यात घालून आणली." तिनं शेणाचा गोळा जमिनीवर आपटला. "लई टोचत हुती."

"तू मागितली असतीस तर मी…" मी बोलले आणि थांबले. तिनं मागितली होतीच.

"नाव दुसऱ्याच कुणाचं लावलं न्हवं? लावू दे," ती म्हणाली. "झाड माझं म्या आणलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगाया बसलंय?" ती हात धुवायला उठली. पदराला हात पुसले, आत जाऊन फळीवरची ती दगडी पाटी घेऊन आली आणि माझ्यापुढं उंबऱ्यावर बसली. पेन्सिलीचा तुकडा मुठीत धरून, जीभ दातांत दाबून, तिनं दोन अक्षरं काढली. मोठी, वाकडी. गोदा.

"नागपंचमीपास्नं देवळात रोज लिवाय-वाचायचा वर्ग हुता," ती म्हणाली. "बाया म्हणायच्या, गोदे, आता शिकून मामलेदार हुणार हाय का? मास्तरणीला म्हटलं, बाई, मला बाकीचं काय बी नको. माझं नाव तेवढं वळखू यावं. पाटी वाचायला जायाचं हाय."

परसात कोंबडी ओरडत होती. मी त्या दोन अक्षरांकडं बघत होते.

"मग तिथंच का नाही बोललीस? मी एवढं खोटं वाचत होते…"

"माझ्यावर येवढं चांगलं कवा कुणी बोललं न्हवतं," आई म्हणाली. "म्हटलं, पुरं ऐकून घ्यावं."

तिनं पाटी पदरानं पुसली. आधी एक अक्षर, मग दुसरं.

"पर कमळे," ती म्हणाली, "पुन्यांदा मला काय वाचून दावू नगंस."

मी आठवड्याच्या आत बाग सोडली. ती बाग पुढं लग्नाच्या मांडवाला भाड्यानं जाऊ लागली, आता तिथं लॉन आहे. मी आईकडं परत आले, काड्या लावून रोपं विकू लागले, अजून विकते. त्या गुलाबाची काडी मी कुणालाही देते, पैसे न घेता. नाव विचारलं तर सांगते.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. चुलत्याच्या पोरांची पत्रं यायची, तलाठ्याचे कागद यायचे, शेवटी शेवटी दवाखान्याच्या चिठ्ठ्या. कागद आला की ती चष्मा नाही, काठी नाही, तशीच उठायची आणि चार घरं ओलांडून पोस्टमनच्या सुनेकडं वाचून घ्यायला जायची. मी घरात असले तरी.